अर्थिंग तर केलं होतं!

तर मंडळी, या वीकांताचा विषय जरा कोरडा वाटेल. वीज, लोखंडी रॉड, मीठ आणि कोळसा. पण हा लेख गेली काही वर्षं डोक्यात आहे, आणि त्याची सुरुवात एका गायीपासून होते. तेव्हा थोडा धीर धरा.

माझं आजोळ सातारा जिल्ह्यात. घर रस्त्याला लागून आणि गोठा मागच्या बाजूला, घरापासून साधारण पन्नास फुटांवर. गोठ्यात काय लागतं? एक दिवा, कडबाकुट्टीचा एक पॉईंट, बास. घरातल्या बोर्डावरून दोन वायरी काढून लोखंडी पाईपमधून गोठ्यात नेलेल्या. वायरमननं काम मनापासून केलं होतं. "गोठा लांब आहे, त्याला वेगळं अर्थिंग पाहिजे," असं म्हणून त्यानं गोठ्यातच चार फुटी रॉड ठोकला आणि पाईप त्याला जोडला. जागाही विचार करून निवडली. गव्हाणीला लागून, जिथे जमीन बारमाही ओली असते. ओल्या जमिनीत अर्थिंग चांगलं मिळतं, हे कुणीही सांगेल.

2019 च्या जुलैमध्ये एका पावसाळी रात्रीनंतर मामा पहाटे गोठ्यात गेला तर चंद्री आडवी पडलेली. पलीकडे बांधलेलं वासरू जिवंत, पण थरथरत होतं. मामा जवळ गेला तशा पायाला मुंग्या आल्या. पायात रबरी चप्पल होती म्हणून मुंग्यांवर भागलं. तो उलट्या पावली फिरला आणि घरातला मेन स्विच पाडला. पाच मिनिटांनी मामी धार काढायला येणार होती. ती गोठ्यात अनवाणी जाते.

वायर पाईपच्या तोंडाशी घासून सोलली होती आणि पाईपला टेकली होती. एवढंच. गोठ्यातला दिवा मात्र रात्रभर व्यवस्थित लागत होता, फ्यूज जागच्या जागी होता. गाय पाईपला चिकटली नव्हती, कडबाकुट्टीच्या जवळपासही नव्हती. मी फोनवर बोललो तेव्हा मामा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आरं, अर्थिंग तर केलं हुतं की!"

मी सॉफ्टवेअरवाला. सगळे टेस्ट पास होऊन प्रॉडक्शनला सिस्टिम पडली की जसं वाटतं तसं मला वाटलं. अर्थिंग असून गाय मेली कशी? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी जवळजवळ पावणेतीनशे वर्षं मागे गेलो.

वीज 'जमिनीत जाते' हे आपल्याला कुणी सांगितलं?

शाळेत आपण सगळे हे शिकलो. वीज अर्थिंगमधून जमिनीत जाते आणि संपते. जमीन म्हणजे जणू मोठं गटार, कितीही ओता. ही कल्पना मुळात आकाशातल्या विजेची आहे. 1752 साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिननं ढगातली वीज आणि प्रयोगशाळेतली वीज एकच आहे हे पतंगाच्या प्रयोगातून दाखवलं, आणि त्याच सुमाराला इमारतींवर टोकदार सळया लावून त्या जमिनीत नेण्याची पद्धत सुरू झाली. तिथे हे चित्र बरोबरच आहे. ढग हे एक टोक, जमीन हे दुसरं. वीज खरंच जमिनीकडे यायला निघालेली असते, तिला वाट करून दिली की काम झालं.

दुसरा धडा तारयंत्राचा. 1838 साली म्युनिकचे कार्ल ऑगुस्ट फॉन श्टाइनहाइल हे न्यूरेंबर्ग-फ्यूर्थ रेल्वेमार्गावर प्रयोग करत होते. रुळांचाच तार म्हणून उपयोग होतो का हे त्यांना पाहायचं होतं. ते जमलं नाही, कारण रुळांमधून वीज जमिनीत गळत होती. पण त्या अपयशातून त्यांच्या लक्षात आलं की जमीन एवढी चांगली वाहत असेल तर परतीची तार हवीच कशाला? दोन्ही टोकांना एकेक धातूचा पत्रा पुरला की जमीनच परतीची तार! तारयंत्राच्या खर्चात केवढी बचत झाली बघा. पुढे जगभर, आपल्याकडेही, तार खात्याच्या लाईनी अशा एका तारेवर चालल्या.

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. श्टाइनहाइलच्या जमिनीत वीज संपत नव्हती. ती *परत येत होती*. मंडल पूर्ण करायला बॅटरीच्या दुसऱ्या टोकाकडे. जमीन हा रस्ता होता, मुक्काम नव्हता. पण तारयंत्राचा प्रवाह इतका किरकोळ की कुणाला त्या रस्त्याची काळजी करायची वेळ आली नाही.

दिवे आले

1882 साल फार महत्त्वाचं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला एडिसनचं पर्ल स्ट्रीट केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी लंडनमध्ये वायरिंगची पहिली नियमावली छापली गेली, जिची वंशज ब्रिटनमध्ये आजही पाळली जाते. त्या पहिल्या नियमावलीच्या नावातच तिचा हेतू होता, विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या *आगी* टाळणे. शॉक हा मुख्य विषय नव्हता. फ्यूजचा जन्म या काळजीतून झाला. फ्यूज वायरीला वाचवतो, माणसाला नाही, हे मी नोकरीला लागल्यावरही मला माहीत नव्हतं, खोटं कशाला बोला!

सुरुवातीच्या बऱ्याच इंजिनिअरांना वीजपुरवठा जमिनीला जोडणं पसंत नव्हतं. सगळं जमिनीपासून अलग ठेवा, म्हणजे एका तारेला हात लागला तरी मंडल पूर्ण होणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद. कागदावर उत्तम. पण एसी आला, ट्रान्सफॉर्मर आले, आणि ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशन फाटलं की हजारो व्होल्ट थेट घरातल्या दिव्याच्या होल्डरपर्यंत यायला लागले. एलिहू थॉमसन यांच्यासारख्यांनी मग उलट बाजू मांडली. ट्रान्सफॉर्मरच्या घराकडच्या बाजूचं एक टोक जमिनीला जोडून टाका, म्हणजे असं काही झालं तर घरातला दाब जमिनीला धरून राहील. वाद बरीच वर्षं चालला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत 1913 साली घरगुती दाबाच्या मंडलांसाठी हे सक्तीचं झालं.

यातून आपला 'न्यूट्रल' जन्माला आला. पण त्याची किंमतही मोजावी लागली. आता जमीन हीच एक तार झाली. जमिनीवर उभं राहून फेजला नुसता हात लावला तरी मंडल पूर्ण! मग यंत्राच्या धातूच्या अंगालाही जमिनीशी जोडणं आलं, आणि तिसरी पिन आली. आपल्या भिंतीवरचा गोल तीन पिनांचा प्लग ब्रिटनच्या 1934 सालच्या मानकावरून आला आहे. ब्रिटननं स्वतः 1947 साली चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं आणि हळूहळू गोल पिना सोडल्या, आपण अजून त्याच चालवतो. वरची पिन जाड आणि लांब असते ती उगाच नाही. प्लग घालताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा, म्हणून.

शहरातला नळ आणि गावाकडचा रॉड

आता मुद्द्यावर येतो. शहरात हे सगळं बरं चाललं, त्याला एक गुपित कारण होतं. नळाचे पाईप! संपूर्ण शहराखाली पसरलेलं लोखंडाचं जाळं. अर्थची वायर नळाच्या पाईपला बांधली की झालं. हे जाळं इतकं मोठं की त्याचा जमिनीशी विरोध फार कमी. फेज कुठे अंगाला टेकला की दणकून प्रवाह वाहायचा आणि फ्यूज उडायचा. म्हणजे *आगीसाठी* केलेला फ्यूज शॉकपासूनही वाचवायला लागला. (पुढे पाईप प्लॅस्टिकचे झाले आणि हा आधार गेला, ती वेगळी गोष्ट.)

गावाकडे, शेतावर, मुख्य घरापासून लांबच्या गोठ्यात असं जाळं कुठलं? तिथे एक रॉड. आणि एकट्या रॉडचा विरोध किती असतो?

हे मोजायची नीट पद्धत अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या फ्रँक वेनर यांनी 1915 साली मांडली. जमिनीत ओळीनं चार खुंट्या रोवायच्या, बाहेरच्या दोघांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोघांत व्होल्टेज मोजायचं. ती आजही वापरतात. त्यानं मातीचा विरोध कळतो. रॉडचा स्वतःचा मोजायला त्याच धर्तीची दुसरी पद्धत आहे. माझ्या मित्राचे बाबा वीज खात्यातून निवृत्त झालेले. ते आपला अर्थ टेस्टर घेऊन माझ्याबरोबर आजोळी आले. गोठ्याच्या रॉडचं रीडिंग आलं 38 ओहम. मला वाटलं हे फारच वाईट असणार. काका म्हणाले, "एकट्या चार फुटी रॉडला हे काही वाईट नाही रे. बऱ्याच ठिकाणी याहून जास्त येतं. आता भागाकार कर."

केला. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूच्या अर्थचे 4 ओहम धरले तर एकूण 42. 230 भागिले 42 म्हणजे साडेपाच अँपिअर. किटकॅटमध्ये तार होती 15 अँपिअरची. ती जागा सोडून हलणार नाही. बरं, तार जाडी होती म्हणून घात झाला असंही नाही. तिथे 6 अँपिअरचा एमसीबी असता तरी पडला नसता! म्हणजे त्या रात्री पाईपमधून रॉडमध्ये साडेपाच अँपिअर निवांत वाहत होते. सव्वा किलोवॅटचा हीटर जमिनीत पुरून चालू ठेवावा तसं.

"पण गाय तर पाईपपासून लांब होती," मी म्हटलं.

"पाईपपासून लांब, रॉडपासून?" काका म्हणाले. रॉड गव्हाणीला लागून होता. तिच्या पुढच्या पायांपासून हातभर.

मग त्यांनी मला कांद्याचं उदाहरण दिलं. रॉडभोवतीची माती म्हणजे कांद्याचे पापुद्रे. रॉडलगतचा पापुद्रा लहान, त्यामुळे प्रवाहाला तिथे सगळ्यात जास्त विरोध. जसजसं लांब जावं तसे पापुद्रे मोठे, विरोध कमी. मैलभर जमिनीचा विरोध जवळजवळ नगण्य, सगळी खेच पहिल्या काही फुटांत. (श्टाइनहाइलची युक्ती चालली ती यामुळेच.) आमच्या रॉडवर त्या रात्री दोनशेच्या वर व्होल्ट होते आणि ते सगळे पहिल्या काही फुटांत उतरत होते. गायीचे पुढचे पाय एका पापुद्र्यावर, मागचे पाच फूट मागे दुसऱ्या पापुद्र्यावर. मी नंतर गणित करून पाहिलं, फरक चाळीस व्होल्टच्या आसपास येतो. माणसाला, पायात चप्पल असताना, यातून मुंग्या येतील. गाय मात्र चार ओल्या पायांवर उभी, आणि पुढच्या-मागच्या पायांमधली वाट सरळ हृदयावरून जाते. वासरू रॉडपासून लांब होतं आणि त्याच्या पायांमधलं अंतरही कमी. ते वाचलं.

म्हणजे चंद्रीला मारलं ते अर्थिंगनंच. बिघाड पाईपच्या तोंडाशी झाला, पण तो तिच्या पायाखाली आणून सोडला त्या रॉडनं. आणि ओली जागा म्हणून जी मुद्दाम निवडली, तीच तिची उभं राहायची जागा. मामाला हे सांगताना मला फार जड गेलं. तो काहीच बोलला नाही, रॉडकडे बघत बसला.

मधला एक धाडसी न्यूझीलंडर

गंमत म्हणजे हाच प्रश्न मुद्दाम अंगावर घेणारी माणसंही झाली. न्यूझीलंडच्या लॉईड मँडेनो यांनी 1925 च्या सुमारास लांबच्या शेतांना स्वस्तात वीज देण्यासाठी एकाच तारेची पद्धत आणली. परतीचा प्रवाह चक्क जमिनीतून. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या भागांत ती खूप पसरली. तिथे अर्थिंगमधून *रोजच* प्रवाह वाहतो. तरी जनावरं मरत नाहीत, कारण त्या खांबांशी अर्थचा विरोध अगदी कमी ठेवतात आणि त्याची देखभाल करतात. म्हणजे जमिनीतून प्रवाह जाणं हा गुन्हा नाही. तो जाताना पायाखाली किती व्होल्ट सोडतो, हा खरा प्रश्न.

जमाखर्च तपासणारं यंत्र

मग रॉडवर फ्यूज उडत नसेल तर करायचं काय? याचं उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यात आलं. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून माणूस किती प्रवाहापर्यंत हातातली तार सोडू शकतो ते मोजलं. पुरुषांची सरासरी 16 मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ सुटत नाही. आमच्या गोठ्यात साडेपाच *अँपिअर* वाहत होते आणि फ्यूज शांत होता. फ्यूज आणि माणूस यांच्या मापात केवढी दरी आहे बघा.

ही दरी भरून काढली ती आपण ज्याला दुकानात ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणून मागतो त्या डबीनं. 1950 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींच्या निमित्तानं हेन्री रुबिन आणि ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बिगेलमायर यांनी या यंत्राला कामाचं रूप दिलं. डॅल्झिएल यांचं अमेरिकन रूप 1961 चं. तत्त्व किराणा दुकानातल्या वहीइतकं सोपं आहे. फेजनं गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलनं परत आलेला प्रवाह एकाच लोखंडी कड्यातून न्यायचे. दोन्ही सारखे असले तर एकमेकांना खोडतात. 30 मिलिअँपिअरचा जरी फरक पडला तरी कडं ते ओळखतं आणि क्षणात पुरवठा तोडतं. उरलेला प्रवाह गेला कुठे, रॉडमध्ये, गायीत की माणसात, हे ते विचारत बसत नाही. चेकसम जुळला नाही, कनेक्शन बंद! :)

ते त्या रात्री असतं, तर 38 ओहमचा तोच रॉड पुरून उरला असता.

दोन इमारती, दोन जमिनी

वेगळ्या इमारतीला अर्थिंग कसं द्यायचं यावर देशोदेशी अजून खल चालतो, आणि तो वाचताना मला फार मजा आली. ब्रिटनमध्ये बऱ्याच घरांत पुरवठ्याचा न्यूट्रल आणि अर्थ एकाच तारेनं येतात. ती तार रस्त्यात कुठे तुटली तर घरातल्या सगळ्या धातूवर व्होल्टेज चढतं. घरात नळ, गॅसचा पाईप, सगळे एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे सगळं *एकदमच* चढतं आणि माणसाला फारसं कळत नाही. तारेवरच्या कावळ्यासारखं. पण तोच अर्थ बागेतल्या शेडमध्ये नेला तर? तिथे माणूस खऱ्या जमिनीवर उभा असतो आणि हातात 'घराची' जमीन असते. या दोन जमिनींतल्या फरकानं शॉक बसतो. म्हणून अनेक वायरमन तिथे घराचा अर्थ तोडून शेडला वेगळा रॉड आणि आरसीडी देतात. कॅरॅव्हॅन आणि बोटींना तर तो अर्थ जोडायला 2002 च्या नियमांत सरळ मनाईच आहे. आता अंगणात चार्ज होणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांनी तोच प्रश्न पुन्हा आणला आहे.

अमेरिकेत उलट दिशेनं प्रवास झाला. तिथे वेगळ्या गॅरेजपर्यंत वेगळी अर्थ-तार न नेता न्यूट्रललाच पुन्हा जमिनीला जोडायची सवलत होती. 2008 च्या संहितेनं नव्या कामांसाठी ती काढून घेतली. दुभत्या गायींना तर काही व्होल्टही सहन होत नाहीत. त्या पाण्याला तोंड लावत नाहीत, धारेला उभ्या राहत नाहीत. यावर अमेरिकेच्या कृषी खात्यानं 1991 साली एक अख्खं हँडबुक काढलं. उपाय काय, तर गोठ्याच्या फरशीखाली लोखंडी जाळी घालून ती गव्हाण, खांब, पाईप, सगळ्यांना बांधायची. म्हणजे बिघाड झालाच तर चारही पाय एकाच पातळीवर वर जातील. कावळा पुन्हा तारेवर.

आपल्याकडे 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत अर्थिंगचा नियम होता 61 क्रमांकाचा, आणि गळती तोडणाऱ्या यंत्राचा नियम त्याला मागून '61-अ' म्हणून चिकटला. आपल्या हॉटफिक्ससारखा. 2010 आणि 2023 साली त्या नियमांच्या जागी नवे नियम आले. अर्थिंगचं भारतीय मानक 1966 पासून आहे. पण प्रत्यक्षात आपल्याला वारशानं मिळाला तो मीठ-कोळशाचा खड्डा. त्यात काही चूक नाही, त्यानं विरोध खरंच कमी होतो. फक्त खड्डा केला, नारळ फोडला, झालं, अशी आपली समजूत असते. "अर्थिंग केलंय" म्हणजे काम संपलं. माझीही हीच समजूत होती.

आता गोठ्यात काय आहे

काकांनी कागदावर काढून दिलं आणि लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घेतलं. सगळ्यात आधी घरातल्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी. मग गोठ्यापर्यंत तीन तारांची केबल, म्हणजे हिरवी तार घरापासून गोठ्यापर्यंत सलग. गोठ्याच्या नव्या कोब्यात जाळी, ती गव्हाणीच्या कड्यांना आणि खांबांना जोडलेली. जुना रॉड उपसून नवा बाहेर, जनावर फिरकत नाही अशा कोपऱ्यात. सगळ्याचा खर्च एका गायीच्या किमतीपेक्षा बराच कमी आला. मामानंच हा हिशोब केला, मी नाही.

ईएलसीबीवर एक छोटं टेस्टचं बटण असतं. ते अधूनमधून दाबून बघायचं असतं, नाहीतर यंत्र आतून अडकून बसतं आणि कळतही नाही. ते काम मामीनं घेतलं आहे. दर अमावास्येला बैलांना सुट्टी असते, त्या दिवशी ती बटण दाबते. घर आणि गोठा दोन्हीकडचे दिवे जातात. मग ती खटका वर करते आणि धार काढायला जाते. अजून अनवाणीच.

तुमचंही गावाकडे घर असेल, शेतावर मोटरघर असेल, किंवा सोसायटीची पंपरूम इमारतीपासून लांब असेल, तर पुढच्या खेपेला तिथल्या वायरमनला "अर्थिंग आहे का?" एवढंच विचारून थांबू नका. ईएलसीबी कुठे आहे आणि त्याचं बटण शेवटचं कधी दाबलं, तेही विचारा.

असो. लेख लांबला. भेटू पुढच्या वीकांताला.